दारवानालाही बांधणारा नियम

माझ्या अभ्यासाच्या खोलीत एक जुना सर्व्हर आहे. जुन्या नियतकालिकांची सूची मी त्यावर करतो. काही वर्षांपूर्वी एका पावसाळी रात्री वीज गेली. यूपीएसने इशारा दिला, पण सर्व्हर स्वतःहून बंद झाला नाही. बॅटरी संपली आणि सकाळी सूचीची मुख्य फाइल उघडेना. आठ महिन्यांचे काम गेले. विजेवर लक्ष ठेवणारी ‘नट’ ही सेवा चालू होती. सर्व्हर बंद करणारी माझी छोटी आज्ञावलीही जागेवर होती. हाताने चालवली की ती बिनबोभाट चाले. मग रात्री काय झाले? उत्तर सर्व्हरच्या नोंदींत सापडले : एसईलिनक्सने परवानगी नाकारली होती. एका जाणकारांनी सल्ला दिला, “ते बंदच करून टाका, सगळे तेच करतात.” बंद करण्याआधी हा पहारेकरी आला कुठून ते पाहावे, म्हणून मी वाचायला बसलो.

त्याचे मूळ अमेरिकी हवाई दलाच्या एका अडचणीत आहे. एकाच संगणकावर निरनिराळ्या गोपनीयतेची कागदपत्रे आणि निरनिराळ्या अधिकारांची माणसे. एकाचे दुसऱ्याच्या हाती जाऊ नये कसे? जेम्स अँडरसन यांच्या १९७२ च्या अहवालाने उत्तराची दिशा दाखवली. प्रत्येक मागणी एका तपासनीसापुढून जावी. त्याला चुकवता येऊ नये, त्याच्यात फेरफार करता येऊ नये आणि तो पूर्ण तपासता येईल इतका लहान असावा. पुढच्याच वर्षी डेव्हिड बेल आणि लिओनार्ड लापाडुला यांनी याला गणिती रूप दिले : खालच्या पायरीवरच्याने वरचे वाचू नये, वरच्याने खाली लिहू नये. १९८३ मध्ये अमेरिकी संरक्षण खात्याचे निकष प्रसिद्ध झाले. मुखपृष्ठाच्या रंगावरून ते ‘नारिंगी पुस्तक’ म्हणून ओळखले जातात. फाइलचा मालक स्वतःच्या मर्जीने परवानगी देतो ते ऐच्छिक नियंत्रण. मालकालाही मोडता येत नाही ते सक्तीचे, हा भेद त्यात ठळकपणे मांडला आहे. आपल्याकडच्या हिरकणीच्या आख्यायिकेत हेच आहे. सूर्यास्तानंतर दरवाजा न उघडण्याचा हुकूम दारवानाचा नव्हता, म्हणून दया आली तरी तो मोडणे त्याच्या हाती नव्हते.

पण गोपनीयतेच्या पायऱ्या विजेवर लक्ष ठेवणाऱ्या सेवेला कशा लावायच्या? ती ना गुप्त, ना उघड. तिचा वंश दुसरा आहे. १९८५ मध्ये बोबर्ट आणि केन यांनी ‘प्रकारा’नुसार नियंत्रण सुचवले : काम करणारी प्रक्रिया कोणत्या प्रकारची आणि वस्तू कोणत्या प्रकारची, एवढेच पाहायचे. याच विचारावर १९९० च्या दशकात युटा विद्यापीठाच्या सहभागाने ‘फ्लास्क’ ही रचना उभी राहिली. तिच्यावर आधारलेले एसईलिनक्स अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेने डिसेंबर २००० मध्ये सर्वांना खुले केले. २००३ मध्ये ते लिनक्सच्या २.६ आवृत्तीत आले. २००४ मध्ये फेडोराने आधी कडक नियमावली देऊन पाहिली. लोकांची कामे अडू लागली, तेव्हा पुढच्या आवृत्तीत निवडक सेवांनाच बांधणारी नियमावली आली. ‘बंद करून टाका’ हा सल्ला त्या काळाची सावली असावा, असे मला वाटते.

हे वाचल्यावर माझी चूक दिसली. ‘नट’चे तीन भाग तीन वेगळ्या प्रकारांत बांधलेले असतात : यूपीएसशी बोलणारे चालक सुरू करणारा, ३४९३ क्रमांकाच्या पोर्टवर माहिती देणारा आणि वेळ आल्यावर यंत्र बंद करणारा. मी हाताने आज्ञावली चालवत होतो तेव्हा माझ्यावर बंधन नव्हते. रात्री ती चालवणारा तिसरा भाग बांधलेला होता. शिवाय आज्ञावली मी आधी माझ्या खासगी फोल्डरमध्ये लिहून मग योग्य जागी हलवली होती. प्रत न काढता फाइल हलवली की जुने लेबल तिच्यासोबतच जाते. नवीन जागेवरही तिच्यावर ‘घरगुती फाइल’ हीच चिठ्ठी होती आणि घरगुती फाइल चालवण्याचा अधिकार त्या सेवेला नव्हता.

लेबल पूर्ववत करायला एक आज्ञा पुरली. मग दुसरी अडचण आली. वीज गेल्याची वेळ माझ्या टिपणांच्या फोल्डरमध्ये लिहावी, असे मी आज्ञावलीत घातले होते. तेही नाकारले गेले. नोंदींवरून परवानगीचा नियम आपोआप बनवून देणारे साधन हाताशी होते. क्षणभर मोह झाला. पण वीज पाहणाऱ्या सेवेला माझ्या टिपणांत शिरायचे कारणच काय? ती ओळ काढली आणि वेळ यंत्रणेच्या नोंदींत जाऊ दिली. परवानगी मागणाऱ्याचे काम काय, हा १९८५ चा प्रश्न माझ्या खोलीत असा उपयोगी पडला.

शेवटी सक्तीने बंद करण्याची चाचणी घेतली, यावेळी हाताने नव्हे, सेवेकडूनच. सर्व्हर शिस्तीत बंद झाला. पहारा चालूच होता. गेलेली सूची मी जुन्या छापील कागदांवरून पुन्हा करतो आहे.