एक कुपी आणि गोराईची खाडी

मंडळी, लस वाया जाण्याची काळजी आजची नाही. १४ जून १८०२ ला आपल्या मुंबईत अ‍ॅना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला देवीची लस टोचली. भारतातली ती पहिली. तेव्हा फ्रीज कुठला? बसऱ्याहून आलेली लस एका मुलाच्या दंडावरून दुसऱ्याच्या दंडावर, अशीच जिवंत ठेवायची. साखळीतलं एक मूल चुकलं की लस संपली.

आज शीतपेटी आहे, ई-विनवर साठा दिसतो. पेंटाव्हॅलंटची उघडलेली कुपी नीट थंड ठेवली तर २८ दिवस चालते. पण बीसीजी, गोवर-रुबेला उघडल्यावर ४ तासच. मग ‘मुलं जमू द्या, मग उघडू’ असं ऐकायला मिळतं. पण होडीने खाडी ओलांडून आलेली आई रिकामी परत गेली, तर पुन्हा येईलच कशावरून?

नासाडी मोजा, जरूर मोजा. लसीचा वार ठरवा, आशाताईंमार्फत आदल्या दिवशी निरोप द्या, मुलं एकत्र येतील. तरीही एकच बाळ आलं, तर कुपी उघडा. तेव्हा मूल चुकलं की लस जायची. आता लस वाचवताना मूल चुकायला नको.