निराधार मुलांचे संगोपन आणि कायदा : अहिल्यानगर जिल्ह्यातील कार्यकर्त्यांसाठी माहिती

वस्तीत एखाद्या घरातला कर्ता माणूस गेला की पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमातच कोणीतरी विधवा आईला सुचवते, "पोरांना एखाद्या आश्रमात टाका, निदान शिकतील तरी." सांगणाऱ्याचा हेतू चांगला असतो. पण आई जिवंत आहे, आजी सांभाळायला तयार आहे, अडचण फक्त पैशाची आहे, अशा वेळी मूल घराबाहेर काढणे हा पहिला उपाय नाही. बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, २०१५ च्या कलम ३ मधील तत्त्वांनुसार मुलाची प्राथमिक जबाबदारी कुटुंबाची आहे आणि संस्थेत ठेवणे हा शेवटचा पर्याय आहे. आधी आई-वडील व नातेवाईक, ते शक्य नसेल तर दत्तक किंवा प्रतिपालक कुटुंब, आणि काहीच जमले नाही तर बालगृह, असा क्रम कार्यकर्त्याने लक्षात ठेवावा.

आपल्या इतिहासातील दाखले

बाबासाहेबांच्या आई भीमाबाई गेल्या तेव्हा ते लहान होते. आत्या मीराबाईंनी त्यांना सांभाळले. माता रमाई लहानपणीच आई-वडिलांना पारख्या झाल्या आणि नातेवाइकांच्या आधाराने मुंबईत वाढल्या. आज कायद्याच्या भाषेत ज्याला नातेवाइकांकडील संगोपन म्हणतात, ते हेच.

विनयपिटकातील राहुलची कथाही या संदर्भात वाचावी. राहुलला प्रव्रज्या दिल्यावर शुद्धोदनांना फार दुःख झाले. आई-वडिलांच्या संमतीशिवाय कोणत्याही मुलाला प्रव्रज्या देऊ नये, अशी विनंती त्यांनी केली आणि तथागतांनी तसा नियम घालून दिला. मुलाच्या भल्यासाठी घेतलेल्या निर्णयातही घरच्यांना विचारात घ्यावे लागते, हे त्यातून दिसते.

जिल्ह्यातील प्रश्न

चौदा तालुक्यांच्या या जिल्ह्यात दोन टोके आहेत. प्रवरा, संगमनेर, कोपरगाव या पट्ट्यात साखर कारखाने आहेत, तर पाथर्डी, शेवगाव, जामखेड या दुष्काळी भागातून कुटुंबे कोयता घेऊन ऊसतोडीला जातात. हंगामात मूल एकतर फडावर जाते किंवा गावी आजीकडे राहते. शाळा सुटते, मुलगी असेल तर लवकर लग्न उरकण्याचा विचार सुरू होतो. कोरोनाने यात भर घातली. अकोल्याचे शिक्षक व कार्यकर्ते हेरंब कुलकर्णी यांनी त्या काळात विधवा झालेल्या महिलांचा प्रश्न राज्यभर मांडला. या घरांतील मुले अजून शिकत आहेत आणि घर मात्र एकट्या आईच्या मजुरीवर चालते.

पहिले दार : बालकल्याण समिती

प्रत्येक जिल्ह्यात अध्यक्ष व चार सदस्यांची बालकल्याण समिती असते. अनाथ, सोडून दिलेले, मारहाण होणारे, भीक मागणारे, बालमजुरी करणारे किंवा बालविवाहाच्या धोक्यात असलेले मूल म्हणजे "काळजी व संरक्षणाची गरज असलेले बालक". अशा मुलाला पोलीस किंवा सामाजिक कार्यकर्ताच नव्हे, कोणताही जागरूक नागरिक समितीपुढे हजर करू शकतो. मूल स्वतःही जाऊ शकते. प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांत हजर करणे बंधनकारक आहे. समिती सामाजिक तपासणी अहवाल मागवते आणि मुलाचे म्हणणे ऐकून आदेश देते.

तातडीच्या वेळी १०९८ हा मोफत क्रमांक चोवीस तास चालू असतो. गावपातळीवर ग्राम बाल संरक्षण समिती असते. आपल्या गावची समिती कागदावरच आहे की तिची बैठक होते, हे ग्रामपंचायतीत विचारावे.

मूल घरी राहावे यासाठी आर्थिक मदत

क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनेत अनाथ, एकच पालक असलेल्या किंवा पालक दुर्धर आजारी असलेल्या मुलासाठी दरमहा २,२५० रुपये मिळतात. ज्या सावित्रीमाईंनी याच नगरमध्ये मिस फरार यांच्याकडे अध्यापनाचे धडे घेतले, त्यांचे नाव या योजनेला आहे. केंद्राच्या मिशन वात्सल्यमधील प्रायोजकत्व योजनेत दरमहा ४,००० रुपये आहेत. त्यासाठी कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ग्रामीण भागात ७२,००० व इतरत्र ९६,००० रुपयांपेक्षा जास्त नसावे. मूल कोणत्या योजनेत बसते, हे जिल्हा महिला व बालविकास अधिकारी कार्यालयातील जिल्हा बाल संरक्षण कक्षात विचारावे.

साधारणपणे मृत्यूचा दाखला, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, रेशनकार्ड, आधार, शाळेचा बोनाफाईड आणि बँक पासबुक लागते. अनेक अर्ज मृत्यूच्या दाखल्यापाशीच अडतात. तो काढून देणे ही कार्यकर्त्याने करण्याजोगी पहिली मदत आहे.

आई-वडील दोन्ही नसलेल्यांना अनाथ प्रमाणपत्र मिळवून द्यावे. राज्यात २०१८ पासून अनाथांना शिक्षण व शासकीय नोकरीत १ टक्का आरक्षण आहे.

अत्याचारग्रस्त कुटुंबातील मुले

सोनई आणि खर्डा ही नावे आपण विसरलेलो नाही. अशा घटनेनंतर मोर्चा निघतो, निवेदन दिले जाते, पण घरातल्या मुलांचा हक्क मागायचा राहून जातो. अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक नियमांतील २०१६ च्या सुधारणेनुसार, खुनासारख्या गुन्ह्यात अवलंबितांना पेन्शन व इतर पुनर्वसन मिळते. त्यासोबत मुलांच्या पदवीपर्यंतच्या शिक्षणाचा पूर्ण खर्च व पालनपोषण यांचीही तरतूद आहे. ही मदत घटनेपासून तीन महिन्यांत उभी करायची असते. जिल्हाधिकाऱ्यांना दिलेल्या निवेदनात हा मुद्दा स्वतंत्र लिहावा.

दत्तक

मूल परस्पर कोणाला देणे आणि शंभर रुपयांच्या स्टँप पेपरवर सह्या करणे हे दत्तक नव्हे. अनाथ, सोडून दिलेले किंवा समितीकडे सोपवलेले मूल प्रक्रियेबाहेर देणे-घेणे हा गुन्हा आहे. जन्मदात्यांनी समितीपुढे मूल सोपवले तरी त्यांना फेरविचारासाठी दोन महिने मिळतात. २०२१ च्या दुरुस्तीनंतर दत्तकाचा आदेश जिल्हाधिकारी देतात. नात्यातील मूल दत्तक घ्यायचे असल्यास १९५६ चा हिंदू दत्तक व निर्वाह कायदा बौद्धांनाही लागू आहे, मात्र त्याच्या अटी वकिलाकडून समजून घ्याव्यात.

जिल्ह्यातील संस्था

अहिल्यानगरमध्ये गिरीश कुलकर्णी यांनी १९८९ मध्ये सुरू केलेली 'स्नेहालय' ही संस्था देहविक्रीत अडकलेल्या महिलांच्या मुलांपासून कामाला लागली. तिचा 'स्नेहांकुर' हा प्रकल्प दत्तक क्षेत्रात आहे. डॉ. राजेंद्र व डॉ. सुचेता धामणे यांच्या शिंगवे येथील 'माउली' संस्थेत रस्त्यावरच्या मनोरुग्ण महिलांसोबत त्यांची मुलेही राहतात. संस्थेची गरज कुठे खरोखर असते, हे अशा कामांतून कळते.

या चुका टाळाव्यात

काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या मुलांना नोंदणीशिवाय ठेवणे हा गुन्हा आहे. विहाराच्या जागेत उत्साहाने बालाश्रम सुरू करण्याआधी कलम ४१ वाचावे. दुसरी चूक मोबाइलवर होते. मदतीचे आवाहन म्हणून अशा मुलाचे नाव, शाळा किंवा फोटो ग्रुपवर टाकणे कलम ७४ नुसार दंडनीय आहे. सापडलेले मूल "चार दिवस आमच्याकडे राहू द्या" म्हणून न कळवता ठेवणेही चुकीचे आहे.

विहारातून काय करता येईल

प्रत्येक विहारात एक वही असावी. तिच्यात वस्तीतील एकल पालकांची घरे, मुलांची वये, कोणता दाखला नाही आणि कोणता अर्ज कुठे अडला, एवढे लिहावे. ही वही दोन जबाबदार व्यक्तींकडेच ठेवावी. पौर्णिमेला वंदना झाली की अर्धा तास तिच्यासाठी द्यावा आणि एका तरुणाने महिन्यातून एकदा जिल्ह्याच्या कार्यालयात जाऊन पाठपुरावा करावा. वर्गणी जमवून इमारत उभी करण्यापेक्षा याला खर्च कमी येतो, आणि मूल आपल्या आईजवळ राहते.