यंत्राच्या वेळेचा जमाखर्च

घरखर्च हाताबाहेर जाऊं लागला म्हणजे कर्ता पुरुष प्रथम वही उघडीत नाहीं. अपराधी कोण तें तो मनाशीं आधींच ठरवून टाकतो. कोणास तो मुलांच्या चैनींत दिसतो, तर कोणास पाहुण्यांच्या वर्दळींत. पुढें महिनाभर पैन् पैची नोंद ठेविली म्हणजे पुष्कळदां तिसराच कोणी सांपडतो. संगणकाच्या इतिहासांत ह्या मनुष्यस्वभावाचें एक मोठें बोधप्रद प्रकरण आहे, व तें वाचकांपुढें ठेवावें असें आम्हांस वाटतें.

संगणकाकडून जें काम करून घ्यावयाचें तें त्यास एकामागून एक आज्ञा लिहून समजावून द्यावें लागतें. अशा आज्ञांच्या समूहास आज्ञावली म्हणतात. मोठ्या आज्ञावलीचे शेंकडों भाग असतात. एक भाग दुसऱ्यास बोलावतो, दुसरा तिसऱ्यास, आणि आपलें काम संपलें कीं जो तो बोलावणाऱ्याकडे परत येतो. काम मंद चालूं लागलें म्हणजे प्रश्न असा उद्भवतो कीं, ह्यांतील कोणता भाग किती वेळ खातो? हा प्रश्न खुद्द यंत्राहूनही जुना आहे. चार्ल्स बॅबेज ह्या इंग्रज गणितज्ञाच्या हातून त्याचें विश्लेषक यंत्र कधींच पुरें झालें नाहीं; परंतु असें यंत्र निर्माण झाल्यावर इष्ट उत्तर कमींत कमी वेळांत कोणत्या मार्गानें मिळेल ही विवंचना शास्त्रास पडेल, हें त्यानें १८६४ सालच्या आपल्या आत्मवृत्तांत सांगून ठेविलें होतें.

पुढें यंत्रें प्रत्यक्षांत आलीं. १९४६ सालीं अमेरिकेंत जगापुढें आलेलें एनिॲक सेकंदास पांच हजार बेरजा करी; १९४९ च्या मे महिन्यांत केंब्रिज येथें मॉरिस विल्क्स व त्यांचे सहकारी ह्यांनीं एडसॅक चालू केलें. त्या काळीं यंत्रें थोडीं व उमेदवार फार, म्हणून यंत्राचें प्रत्येक मिनिट मोलाचें असे. कित्येक यंत्रांस एक ध्वनिक्षेपक जोडलेला असे. त्यांतून निघणाऱ्या सुरावरून काम कोठवर आलें, किंवा तें एकाच फेऱ्यांत अडकून बसलें आहे कीं काय, हें सरावलेल्या कानांस ओळखतां येई. पण यंत्रें वेगवान झालीं, आज्ञावल्या लांबत गेल्या, आणि कानाचा हा अदमास अपुरा पडूं लागला.

तेव्हां मोजमापाच्या दोन रीती रूढ झाल्या. एक रीत मोजणीची : प्रत्येक आज्ञेपाशीं जणूं एक कारकून बसवावयाचा, व ती आज्ञा किती वेळां पाळली गेली तें त्यानें टिपावयाचें. दुसरी रीत डोकावण्याची : सेकंदास समजा साठ वेळां घड्याळानें यंत्रास क्षणभर थांबवावें, तें त्या क्षणीं कोणत्या भागांत आहे तें टिपावें व पुन्हा सोडून द्यावें. हजार वेळां डोकावल्यावर सहाशें वेळां यंत्र एकाच भागांत सांपडलें, तर सुमारें तीन पंचमांश वेळ त्या भागाचा, हें उघड आहे. पहिल्या रीतीची मोजणी बिनचूक, पण कारकुनांच्या गर्दीनें कामच मंदावतें. दुसरी रीत स्वस्त, पण अदमासाची.

ह्या विषयांतील एक ख्यातनाम निबंध १९७१ सालचा आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठाचे प्राध्यापक डोनाल्ड नूथ ह्यांनीं फोरट्रान भाषेंत लोकांनीं खरोखर लिहिलेल्या आज्ञावल्या जमविल्या. कांहीं तर केराच्या टोपल्यांतून उचलल्या. लोकांनीं कसें लिहावें हें त्यांस सांगावयाचें नव्हतें. लोक लिहितात कसें, तें पाहावयाचें होतें. निष्कर्ष असा निघाला कीं, सामान्यतः आज्ञावलीच्या शेंकडा चारांहून कमी भागांत तिचा निम्म्याहून अधिक वेळ जातो. १९७४ सालीं त्यांनीं आणखी स्पष्ट लिहिलें. मोजमापाचीं साधनें ज्यांनीं वापरलीं त्या सर्वांचा अनुभव असा कीं, वेळ कोठें जातो ह्याविषयींचे त्यांचे स्वतःचे तर्क चुकीचे ठरले.

वाचकांनीं येथें थोडें थांबून विचार करावा. ही आज्ञावली कोणा परक्यानें लिहिलेली नसे. तिची प्रत्येक ओळ त्या लेखकाच्याच हातची. तरी तिचा वेळ कोठें जातो हें त्यास कळूं नये, हें कसें? आमच्या मतें ह्याचें कारण असें कीं, जो भाग लिहितांना आपणांस श्रम पडले तोच यंत्रासही जड जात असेल, असें मन गृहीत धरतें. यंत्रास मात्र आपल्या श्रमांची वार्ता नसते. रात्र रात्र जागून लिहिलेला बिकट भाग तें एकदांच चालवितें, आणि सहज लिहिलेल्या दोन ओळी दहा लक्ष वेळां. शिवाय चुकीच्या जागीं केलेले श्रम सर्वस्वीं वायां जातात. जो भाग शेंकडा पांच वेळ घेतो तो अगदीं शून्यावर आणिला तरी बचत पांचाच्या वर जाणार नाहीं. जीन ॲम्डाल ह्यांनीं १९६७ सालीं अनेक यंत्रें एकत्र राबविण्याच्या संदर्भांत जो मुद्दा मांडला, त्याच्या मुळाशीं हेंच साधें गणित आहे.

मोजमाप हातीं आलें तरी वाद मिटला नाहीं. युनिक्स कार्यप्रणालींत १९७३ सालापासून ‘प्रोफ’ नांवाचें साधन होतें. तें प्रत्येक भागाचा वेळ वेगवेगळा सांगे. पण सर्वांच्या उपयोगी पडणाऱ्या एखाद्या लहान भागानें पुष्कळ वेळ घेतला, तर तो कोणाच्या नांवें मांडावा? कोठींतून किती तूप गेलें तें कळलें. पण तें कोणाच्या पंक्तीस वाढलें गेलें, हें कोठीच्या वहींत नसतें. १९८२ सालीं बर्कले येथील सुसान ग्रॅहम, पीटर केसलर व मार्शल कर्क मॅकक्युसिक ह्यांनीं ‘जीप्रोफ’ हें साधन प्रसिद्ध केलें. कोणी कोणास किती वेळां बोलाविलें ह्याची नोंद घेऊन, बोलाविलेल्याचा वेळ तें बोलावणाऱ्याच्या खातीं टाकी. त्यांतही एक गृहीत होतें : प्रत्येक बोलावणें सरासरीनें सारख्याच खर्चाचें. तें नेहमींच खरें नसतें.

पुढें मोजणाऱ्यांचीच परीक्षा झाली. २००९ सालीं चार संशोधकांनीं दाखविलें कीं, यंत्राच्या परिसरनोंदींची लांबी पालटली, म्हणजे वापरणाऱ्याचें नांव लांब कीं आंखूड एवढ्यानेंही, स्मृतींतील मांडणी सरकते व मोजलेला वेग बदलूं शकतो. पुढल्याच वर्षीं असें दिसलें कीं, जावा भाषेचीं चार प्रचलित मापनसाधनें एकाच आज्ञावलीविषयीं परस्परांशीं न जुळणारीं उत्तरें देतात. तीं वाटेल त्या क्षणीं न डोकावतां कांहीं ठराविक सोयीच्या जागींच डोकावत. तासाची घंटा झाल्यावरच वर्गांत येणाऱ्या मुख्याध्यापकांस शाळा जशी दिसावी, तशी आज्ञावली त्यांस दिसे. २०१५ सालीं चार्ली कर्टसिंगर व एमरी बर्गर ह्यांनीं वेगळी युक्ति काढली : एक भाग जलद केल्यास काय होईल हें पाहण्यासाठीं, तो चालू असतां बरोबरीनें चाललेले इतर भाग मुद्दाम क्षणभर थांबवावयाचे व परिणाम पाहावयाचा.

गौतमाच्या न्यायसूत्रांत प्रत्यक्षाचें लक्षण सांगतांना तें अव्यभिचारी, म्हणजे न चकविणारें, असावें अशी अट घातली आहे. ह्या इतिहासाचा क्रम तोच आहे : प्रथम तर्क हटला व त्याच्या जागीं मोजमाप आलें, मग मोजमापासही आपली साक्ष सिद्ध करावी लागली. आज तिकिटांपासून शस्त्रक्रियागृहांपर्यंत माणसांचीं कामें संगणकावर अवलंबून आहेत, आणि त्याच्या मंदपणाची किंमत वाट पाहणाऱ्यांस मोजावी लागते. म्हणून जाणत्या कारागिरानें आपल्या अनुभवाचा मान राखावा, पण सुधारणेस हात घालण्यापूर्वीं मोजून पाहावें. आणि आंकडा हातीं आल्यावर तो कसा आला, हेंही एकदां विचारावें.