सेनेटर ला फॉलेट याचा पराभव (१९४६) : एक कारणमीमांसा

इतिहासांतील मोठ्या पराभवास एकच कारण व एकच अपराधी शोधण्याची संवय फार जुनी आहे. पानिपतच्या पराभवाचा दोष कोणी भाऊसाहेबांच्या हट्टावर ठेविला, कोणी होळकरांच्या माघारीवर. आणि बखरकारांनीं तो आपापल्या परीनें रंगवून सांगितला. पुढें अस्सल पत्रें प्रसिद्ध होऊं लागलीं, तेव्हां तुटलेली रसद, धान्याची टंचाई, उत्तरेंतील मित्रांचा अभाव इत्यादि गोष्टी आपापल्या जागीं बसल्या. तीच कसोटी परदेशांतील एका प्रसंगास लाविली असतां काय निष्पन्न होतें, हें प्रस्तुत लेखांत दाखवावयाचें आहे.

प्रसंग अमेरिकेंतील विस्कॉन्सिन राज्याचा. ता. १३ ऑगस्ट १९४६ रोजीं तेथील रिपब्लिकन पक्षाच्या प्राथमिक निवडणुकींत, सुमारें एकवीस वर्षें सेनेटचा सभासद असलेला रॉबर्ट ला फॉलेट (धाकटा) हा जोसेफ मॅकार्थी नांवाच्या सदतीस वर्षांच्या एका न्यायाधीशाकडून पराभूत झाला. ‘प्राथमिक निवडणूक’ हा शब्द प्रथम उलगडला पाहिजे. आपल्याकडे पक्षाची उमेदवारी पक्षाचें वरिष्ठ मंडळ देतें. अमेरिकेंत ती मतदार देतात. मुख्य निवडणुकीच्या आधीं प्रत्येक पक्षाकरितां निराळी निवडणूक होते व तींत जो जिंकेल तो त्या पक्षाचा उमेदवार ठरतो. त्यामुळें अधिकारावर असलेल्या सभासदासही दर खेपेस प्रथम आपल्याच पक्षाच्या मतदारांपुढें उभें राहावें लागतें.

ही पद्धति विस्कॉन्सिनमध्यें आणणारा पुरुष म्हणजे पराभूत सेनेटराचा पिता, थोरला रॉबर्ट ला फॉलेट. १८९६ व १८९८ या दोन्ही सालीं त्यानें गव्हर्नरपदाची उमेदवारी मागितली. परंतु ती त्या काळीं प्रतिनिधींच्या परिषदेच्या हातीं असे, आणि परिषद पक्षांतील धनिक मंडळींच्या मुठींत असे. दोन्ही वेळां तो हरला. १८९७ च्या फेब्रुवारींत शिकागो विद्यापीठांत व्याख्यान देऊन त्यानें परिषद मोडून उमेदवारी थेट मतदारांच्या हातीं द्यावी, असा पक्ष मांडिला. १९०० सालीं तो गव्हर्नर निवडून आला. कायदेमंडळानें १९०३ सालीं त्याचा कायदा मान्य केला, पण जनतेच्या मताची अट घालून. आणि १९०४ च्या नोव्हेंबरांत जनतेनें त्यास संमति दिली. १९०६ सालीं या कायद्यान्वयें पहिली राज्यव्यापी निवडणूक झाली, त्या वेळीं थोरला ला फॉलेट सेनेटमध्यें गेलेला होता. गव्हर्नरपदासाठीं त्यानें पुरस्कारिलेला अर्व्हिन लेनरूट यास त्याच निवडणुकींत विद्यमान गव्हर्नर डेव्हिडसन यानें पराभूत केलें. कर्त्याच्या शिफारशीस हें यंत्र जुमानीत नाहीं, हें पहिल्याच दिवशीं सिद्ध झालें होतें. चाळीस वर्षांनंतरचा प्रसंग पाहतांना ही गोष्ट ध्यानांत ठेवावी.

१९२५ सालीं पिता निवर्तला व त्याची जागा तिसाव्या वर्षीं पुत्रास मिळाली. १९३४ सालीं त्यानें व त्याचा भाऊ फिलिप यानें रिपब्लिकन पक्ष सोडून प्रोग्रेसिव्ह नांवाचा स्वतंत्र पक्ष स्थापिला. त्या पक्षातर्फें धाकटा ला फॉलेट १९३४ व १९४० सालीं निवडून आला. १९४० सालीं मात्र लढत तिरंगी होती व त्यास निम्म्याहून कमी मतें पडलीं. पुढें हा पक्ष क्षीण झाला आणि १९४६ च्या मार्च महिन्यांत पोर्टेज येथें भरलेल्या सभेंत विसर्जित करण्यांत आला. ला फॉलेट बारा वर्षांनीं रिपब्लिकन घरांत परत आला.

आतां रूढ कथा पाहूं. ती अशी कीं, मिल्वॉकी शहरांतील सी. आय. ओ. या कामगार संघटनेच्या स्थानिक मंडळावर कम्युनिस्टांचें वर्चस्व होतें. ला फॉलेट यानें १९४५ सालीं सेनेटमध्यें रशियाच्या धोरणावर कडक टीका केली. त्याचा राग धरून कम्युनिस्टांनीं त्यास पाडलें. आणि पुढें कम्युनिस्टांचा कर्दनकाळ म्हणून गाजलेला मॅकार्थी हा अशा रीतीनें कम्युनिस्टांच्याच बळावर सेनेटमध्यें शिरला. या कथेंत विरोधाभासाचा अलंकार इतका सुंदर साधला आहे कीं, ती पुनःपुन्हां सांगितली जावी यांत नवल नाहीं. तिचा कांहीं भाग खराही आहे. मिल्वॉकीच्या त्या मंडळाचें नेतृत्व व त्याचा ला फॉलेटवरील रोष या दोन्ही गोष्टी निर्विवाद आहेत. प्रश्न एवढाच कीं, रोषापासून पराभवापर्यंतचा दुवा कोणत्या पुराव्यानें जोडावयाचा?

यासाठीं अस्सल कागदाकडे, म्हणजे मतांच्या अधिकृत आंकड्यांकडे वळलें पाहिजे. मॅकार्थीस २,०७,९३५, ला फॉलेट यास २,०२,५५७ आणि पेरी स्टर्न्स या तिसऱ्या उमेदवारास २९,६०५ मतें मिळालीं. अंतर ५,३७८ मतांचें. एकंदर ४,४०,०९७ मतांत विजेत्यास निम्मीं मतेंही नाहींत. आणि २,६९० मतदारांनीं आपलें मत फिरविलें असतें तरी निकाल उलटला असता. इतक्या थोड्या अंतराच्या निकालांत ‘अमुक नसतें तर’ असें ज्या ज्या गोष्टीविषयीं म्हणतां येईल ती प्रत्येक गोष्ट निर्णायक ठरते. तेव्हां कम्युनिस्टांचा रोष निर्णायक होता, एवढें म्हणून कांहींच सिद्ध होत नाहीं. तिसऱ्या उमेदवाराविषयींही तेंच म्हणतां येईल.

दुसरा कागद म्हणजे खुद्द मतपत्रिका. विस्कॉन्सिनच्या कायद्याप्रमाणें मतदारास आपला पक्ष अगोदर नोंदवावा लागत नाहीं. तो मतदानाच्या वेळीं कोणत्याही पक्षाची पत्रिका गुप्तपणें भरूं शकतो, परंतु एकाच पक्षाची. मिल्वॉकीच्या कामगारांपैकीं पुष्कळ जण पूर्वी ला फॉलेटचे पाठीराखे होते. परंतु १९४६ सालीं त्यांच्यापुढें डेमोक्रॅटिक पक्षाचीही पत्रिका होती, व तींत त्यांच्या जिव्हाळ्याची एक झुंज चालू होती. शहराच्या दक्षिण भागांतील मतदारसंघांत, काँग्रेसच्या प्रतिनिधिगृहाचा विद्यमान सभासद थॅडियस वासिलेव्स्की यास एडमंड बोब्रोविच नांवाच्या कामगार कार्यकर्त्यानें आव्हान दिलें होतें. आणि त्याच १३ ऑगस्टला बोब्रोविच विजयी झाला. ज्यास या झुंजींत मत द्यावयाचें असेल त्यास ला फॉलेट यास मत देणें कायद्यानेंच अशक्य होतें. सेनेटच्या जागेसाठीं डेमोक्रॅटिक पक्षाचा उमेदवार हॉवर्ड मॅकमरे हा बिनविरोध होता, तरी त्याच्या नांवापुढें राज्यांत साठ हजारांहून अधिक मतें पडलीं. यांपैकीं दहांत एक मतदार रिपब्लिकन पत्रिकेकडे वळून ला फॉलेट यास मत देता, तर तो तरला असता. डेव्हिड ओशिन्स्की यानें १९७६ सालच्या आपल्या ग्रंथांत या कामगारमतांची छाननी करून याच दिशेचा निष्कर्ष काढिला आहे. म्हणजे कामगार मॅकार्थीकडे गेले असें मानण्याची गरज उरत नाहीं. ते दुसऱ्याच घरांत गेलेले होते.

तिसरी गोष्ट रिपब्लिकन घराची. प्राथमिक निवडणुकीच्या कायद्यानें उमेदवारी परिषदेकडून काढून घेतली खरी; परंतु ला फॉलेटविरोधी रिपब्लिकनांनीं १९२५ सालीं ‘ऐच्छिक समिति’ नांवाची एक कायद्याबाहेरील संघटना उभारली, आणि मतदानापूर्वी आपल्या पसंतीचा उमेदवार जाहीर करण्याचा प्रघात पाडला. १९४६ सालीं या समितीचा सूत्रधार मॅडिसन येथील कारखानदार टॉमस कोलमन हा होता, व समितीनें ऑश्कॉश येथें मॅकार्थीस पाठिंबा दिला. पित्यानें दारांतून हांकलून दिलेली परिषद खिडकींतून परत आली होती, आणि पुत्र आपल्या नव्या घरांत शिरला तो या मंडळीच्या समोर.

चौथी गोष्ट खुद्द ला फॉलेटची. त्या उन्हाळ्यांत तो वॉशिंग्टन येथें काँग्रेसच्या पुनर्रचनेचा कायदा तडीस नेण्यांत गुंतला होता. या कायद्यानें सेनेटच्या स्थायी समित्या ३३ वरून १५ वर व प्रतिनिधिगृहाच्या ४८ वरून १९ वर आणिल्या. अध्यक्षाची सही ता. २ ऑगस्ट रोजीं झाली, म्हणजे मतदानाच्या अवघे अकरा दिवस आधीं. तिकडे मॅकार्थी राज्यभर फिरत होता. युद्धांत मरीन दलांत केलेल्या नोकरीचा तो उच्चार करी, आणि ला फॉलेट सैन्यांत गेला नाहीं असें हिणवी. पर्ल हार्बरच्या वेळीं ला फॉलेट शेचाळीस वर्षांचा होता हें मात्र तो सांगत नसे.

या चार गोष्टी एकत्र मांडिल्या म्हणजे आमच्या मतें पराभवाची उपपत्ति सरळ लागते. ला फॉलेटचे मतदार एका घरांत व तो स्वतः दुसऱ्या घरांत, अशी स्थिति पक्षविसर्जनानें निर्माण झाली. तें अंतर प्रत्यक्ष भेटीनें भरून काढावयाचें तर तो मतदारसंघांत नव्हता. आणि दुसऱ्या घराचे कारभारी त्याच्या विरुद्ध सज्ज होते. कम्युनिस्टांचा रोष या चौकटींत एका कोपऱ्यांत बसतो. गुप्त मतदानाचा कागद मतदाराचें नांव सांगत नाहीं. जेथें कागद मुका असतो तेथें बखर बोलूं लागते, हा आपल्याकडील अनुभव येथेंही खरा ठरतो.

पित्याचें अस्त्र पुत्रावर उलटलें असें म्हणून भस्मासुराची उपमा देण्याचा मोह होतो; परंतु तीही लागू पडत नाहीं. पित्यानें मागितलें होतें तें एवढेंच कीं, उमेदवार कोण हें मतदारांनीं ठरवावें. १९०६ सालीं तें त्याच्या मताविरुद्ध ठरलें, १९४६ सालीं त्याच्या पुत्राविरुद्ध. दोन्ही वेळां कायदा आपलें कामच करीत होता. मात्र त्याच्या मर्यादाही या प्रसंगीं उघड झाल्या : निम्म्याहून कमी मतांवर उमेदवारी मिळते, आणि ज्या पक्षाचें पारडें जड तेथें उमेदवारी म्हणजेच बहुधा पद. नोव्हेंबरच्या मुख्य निवडणुकींत मॅकार्थीस ६,२०,४३० व मॅकमरे यास ३,७८,७७२ मतें पडलीं. खरा निर्णय ऑगस्टमध्येंच होऊन गेला होता.

त्या ५,३७८ मतांचें मोल पुढें साऱ्या देशानें दिलें. १९५० पासून मॅकार्थीनें केलेल्या आरोपसत्रांत अनेकांच्या नोकऱ्या गेल्या व अब्रू गेली. ता. २ डिसेंबर १९५४ रोजीं सेनेटनें ६७ विरुद्ध २२ मतांनीं त्याचा निषेध केला. १९५७ सालीं तो वारला. ला फॉलेट यानें १९५३ च्या फेब्रुवारींत स्वतःच्या हातानें जीवन संपविलें. १९५७ सालींच सेनेटनें आपल्या स्वागतकक्षांत लावण्याकरितां पांच थोर सभासदांचीं चित्रें निवडलीं, त्यांत थोरल्या ला फॉलेटचें एक आहे. ला फॉलेट कुटुंबाचे कागदपत्र वॉशिंग्टनच्या काँग्रेस ग्रंथालयांत जतन केलेले आहेत.