दुपारचा सैतान आणि छोटी प्रार्थना

नाईल नदीच्या त्रिभुज प्रदेशाच्या पश्चिमेला, लिबियाच्या वाळवंटाच्या कडेवर, चौथ्या शतकात ख्रिस्ती संन्याशांच्या वसाहती उभ्या राहिल्या. नित्रिया, केलिया आणि स्केतिस ही त्यांतली प्रमुख ठिकाणे. केलियात एकमेकांपासून अंतर राखून बांधलेल्या खोल्या होत्या. संन्यासी आठवडाभर आपल्या खोलीत एकटा राही. शनिवार-रविवारी सगळे चर्चमध्ये जमत. एरवी दोनच कामे असत : खजुरीच्या पात्यांचे दोर वळणे किंवा टोपल्या विणणे, आणि प्रार्थना. दिवसभर मनातल्या मनात म्हणायच्या छोट्या ख्रिस्ती प्रार्थनेला घाट मिळाला तो अशा खोल्यांत, आणि त्यात मनाच्या बेचैनीचा वाटा भक्तीइतकाच मोठा होता.

या संन्याशांच्या वचनसंग्रहातली एक गोष्ट संत अंतोनीची आहे. वाळवंटात बसलेला अंतोनी उदासीने आणि उलटसुलट विचारांनी घेरला जातो, काय करावे ते त्याला कळेनासे होते. तेवढ्यात त्याला आपल्यासारखाच एक माणूस दिसतो. तो बसून दोर वळतो, उठून प्रार्थना करतो, पुन्हा बसून वळू लागतो. तो देवदूत असल्याचे गोष्ट सांगते. उपदेश त्याने फारसा केला नाही, फक्त दिवस कसा घालवायचा ते करून दाखवले.

या बेचैनीचे सर्वांत बारकाईने वर्णन केले एव्हाग्रियसने. काळ्या समुद्राकाठच्या पोंतस प्रांतात सुमारे 345 मध्ये जन्मलेला हा विद्वान कॉन्स्टँटिनोपलमध्ये नावारूपाला आला, तिथे एका विवाहित स्त्रीच्या मोहात सापडला, जेरुसलेमला पळाला, दीर्घ आजारातून उठला आणि 383 च्या सुमारास इजिप्तला पोहोचला. 399 मध्ये मृत्यू येईपर्यंत तो बहुतेक काळ केलियातच राहिला. पोथ्यांच्या नकला करून तो पोटापुरते मिळवी. तो रोज शंभर प्रार्थना करत असे, अशी नोंद त्याचा शिष्य पॅलेडियसने केली आहे.

एव्हाग्रियसने मनाला छळणाऱ्या विचारांचे आठ प्रकार सांगितले. त्यांतल्या ‘अकेदिया’ला तो दुपारचा सैतान म्हणतो. भर दुपारी एकट्याने फिरू नये असे बजावणाऱ्या कोकणातल्या आजीला हे नाव परके वाटले नसते. मात्र हा सैतान पिंपळावर बसत नाही. सकाळ सरत आली की तो खोलीत शिरतो. सूर्य जागचा हलेनासा वाटतो, दिवस पन्नास तासांचा होतो. संन्यासी पुन्हा पुन्हा खिडकीकडे जातो, जेवणाची वेळ व्हायला किती अवकाश आहे ते बघतो, कुणी भेटायला येते का ते पाहतो. मग ही जागा, हे काम, हे जिणेच नकोसे होते. घरची माणसे आठवतात. दुसरीकडे गेलो तर बरे चालेल असे वाटू लागते.

यावर एव्हाग्रियसचा उपाय पहिला : खोली सोडायची नाही. दुसरा : त्या विचाराला बायबलमधल्या एखाद्या छोट्या वचनाने तिथल्या तिथे उत्तर द्यायचे. अशी सुमारे पाचशे उत्तरे त्याने एका ग्रंथात आठ विचारांप्रमाणे लावून दिली आहेत. कुठला विचार आला तर काय म्हणायचे, हे शोधून काढता यावे अशी ती मांडणी आहे. हा झगडा सरला की मनाला शांती आणि आनंद लाभतो, असेही तो सांगतो.

हे सारे पश्चिमेकडे नेले योहान कॅसियनने. इजिप्तमध्ये काही वर्षे राहून तो 415 च्या सुमारास मार्सेयला आला. पॅलेस्टाईनमधले मठवासी दिवसा ठरावीक प्रहरांना जमून प्रार्थना करत. इजिप्तमध्ये मात्र एकत्र प्रार्थना संध्याकाळी आणि रात्री, बाकी दिवसभर काम आणि प्रार्थना एकमेकांत मिसळलेली, असे त्याने नोंदवले. अब्बा पॉल नावाच्या संन्याशाची त्याने सांगितलेली हकिकत विलक्षण आहे. पॉल वस्तीपासून सात दिवसांच्या वाटेवर राहत असल्याने टोपल्या विकायला नेणे परवडणारे नव्हते. तरी तो वर्षभर रोजचे ठरलेले काम करी आणि वर्षाअखेरीस सगळा माल जाळून टाकी. मन ठिकाणावर ठेवायला हातांना काम हवे, एवढेच त्याचे म्हणणे.

कॅसियनने एकच वचन सुचवले : स्तोत्रसंहितेतल्या 70व्या स्तोत्राचा आरंभ, म्हणजे त्वरेने साहाय्याला येण्याची देवाला केलेली विनवणी. भीतीत, निरुत्साहात, जेवताना, प्रवासात, झोपताना तेच म्हणायचे. सहाव्या शतकात संत बेनेडिक्टने आपल्या मठवासींच्या नियमावलीत दिवसाच्या प्रार्थनांचा आरंभ याच वचनाने ठरवला. स्वयंपाकघराची पाळी घेणाऱ्यानेही ते तीनदा म्हणायचे असते.

पूर्वेकडच्या चर्चमध्ये येशूचे नाव घेऊन दयेची याचना करणारी छोटी प्रार्थना रुजली. केलियाच्या अवशेषांत तिचे समर्थन करणारा कॉप्टिक लेख सापडला आहे. पुढे अॅथॉस पर्वतावरच्या मठांत ती श्वासाच्या लयीशी जोडली गेली.

सामान्य माणसाच्या दिवसाला प्रार्थनेचे थांबे दिले ते चर्चच्या घंटेने. त्यातली दुपारची घंटा तर सार्वजनिक धास्तीतून आली : तुर्की फौज बेलग्रेडवर चालून येत असताना, 1456 मध्ये पोप तिसऱ्या कॅलिक्स्टसने दुपारी घंटा वाजवून सर्वांनी प्रार्थना करावी असा हुकूम काढला. सकाळ, दुपार, संध्याकाळ अशा तीन वेळच्या आंजेलस प्रार्थनेत ती पुढे मिसळून गेली. पोर्तुगीजांबरोबर हा रिवाज गोव्यात आणि वसईत आला. गोव्यातल्या ख्रिस्ती घरांत संध्याकाळची आंजेलस आणि त्यानंतरचा तेर्स, म्हणजे रोजरी, ही पिढ्यान्‌पिढ्यांची रीत आहे.

सतराव्या शतकात पॅरिसच्या कार्मेलाइट मठातल्या एका आचाऱ्याने दिवसभराच्या छोट्या प्रार्थनेचा धागा पुन्हा उचलला. ब्रदर लॉरेन्स पूर्वी सैनिक होता आणि जखमी होऊन लंगडा झाला होता. स्वयंपाकाची त्याला मुळात नावड. आपण नरकात जाणार या भयाने तो अनेक वर्षे पछाडलेला होता. भांड्यांच्या गडबडीतही देवाशी साध्या शब्दांत बोलत राहायचे, एवढाच त्याचा परिपाठ. मठासाठी द्राक्षारस आणायला बोटीने गेला तेव्हा लंगड्या पायामुळे पिंपांवरून गडगडत पुढे सरकतानाही हा परिपाठ मोडला नाही. त्याची पत्रे आणि संभाषणे 1691 मधल्या मृत्यूनंतर छापली गेली, ती प्रॉटेस्टंट वाचकांनीही आपलीशी केली. त्यांत तो आपले भय कसे गेले तेही सांगतो : हे दुःख जन्मभर राहिले तरी चालेल, असे मनाशी ठरवल्यावर.