गोंयच्या सायबाची समाधी: चौथरा फ्लोरेन्सचा, पेटी गोव्याची

जुन्या गोव्यातल्या बॉम जीझस बॅसिलिकेत गेल्यावर नजर थेट वर, चांदीच्या पेटीकडे जाते. तिच्यात संत फ्रान्सिस झेवियर यांचं पार्थिव आहे. गोवेकर त्यांना 'गोंयचो सायब' म्हणतात. पण पेटीखालचा चौथराही थांबून पाहण्यासारखा आहे.

गोव्यात कसे आले?
झेवियर १५५२ साली चीनजवळच्या एका बेटावर वारले. १५५४ मध्ये त्यांचं पार्थिव गोव्यात आणलं गेलं आणि १६२२ मध्ये त्यांना संतपद मिळालं.

चौथरा कोणी दिला?
इटलीतल्या टस्कनीचा ग्रँड ड्यूक कोसिमो तिसरा याने. संतांच्या डोक्याखालची उशी त्याला भेट मिळाली, तिची ही परतभेट, असं सांगतात. शिल्पकार फोज्जिनी याच्या देखरेखीखाली फ्लोरेन्समध्ये दहा वर्षं काम चाललं. १६९८ मध्ये चौथरा गोव्यात बसवला गेला.

हे मोझेक आहे का?
त्याचं भावंड म्हणता येईल. इटलीतल्याच रावेन्ना शहरात गाल्ला प्लाचिदिया हिच्या नावाने ओळखली जाणारी पाचव्या शतकातली समाधी आहे. तिथे काचेचे बारीक रंगीत तुकडे जोडून संतांची चित्रं केली आहेत. फ्लोरेन्सच्या पद्धतीत मात्र रंगीत दगडच हव्या त्या आकारात कापून एकमेकांत घट्ट बसवतात. ताजमहालाच्या संगमरवरातली फुलं आठवा, काम त्याच जातीचं.

मग संतांची चित्रं कुठे आहेत?
चौथऱ्याच्या चार बाजूंना कांस्याचे चार फलक आहेत. एकावर झेवियर उपदेश करताहेत, दुसऱ्यावर बाप्तिस्मा देताहेत. तिसऱ्यावर ते हल्लेखोरांपासून जीव वाचवत फळीवरून पाणी ओलांडताहेत. चौथ्यावर त्यांचा मृत्यू आहे.

गोव्याचा वाटा कोणता?
पेटी! ती गोव्याच्याच चांदी कारागिरांनी १६३६-३७ मध्ये घडवली, म्हणजे चौथऱ्याच्या साठेक वर्षं आधी. तिच्यावर संतांच्या आयुष्यातले ३२ प्रसंग आहेत. त्यामुळे या समाधीचं सगळं श्रेय इटलीला देणं बरोबर नाही.

कधी पाहता येईल?
पार्थिवाचं जवळून दर्शन साधारण दहा वर्षांनी होतं. मागचा सोहळा २१ नोव्हेंबर २०२४ ते ५ जानेवारी २०२५ असा झाला. तो चुकला असेल तरी हरकत नाही. दगड, कांस्य आणि चांदीत सांगितलेली सायबाची गोष्ट एरवीही पाहता येते. फक्त चौथऱ्याभोवती एक फेरी मारा.