गाऱ्हाणे ऐकणारा कोण?

दोन वर्षांमागे ऐन पावसाळ्यात एक तरुण आमच्या युनियनच्या कचेरीत आला. विद्यापीठात पीएच.डी.साठी संशोधन करणारा. चार महिन्यांचे विद्यावेतन थकलेले, प्रबंधाची प्रकरणे गाईडच्या टेबलावर वर्षभर पडून, आणि रात्री डोळ्याला डोळा नाही. खुर्चीच्या कडेवर बसून तो म्हणाला, "काका, तुमच्या कामगारांना निदान मालक तरी ठाऊक असतो. आमचा मालक कोण?" आम्ही त्याला चहा पाजला, मनाच्या डॉक्टरांकडे नेले, पण त्याच्या प्रश्नाला आमच्यापाशी उत्तर नव्हते. आम्ही कॉलेजची पायरी चढलेलो नाही. जे शिकलो ते वाचनालयात. तिथेच या प्रश्नाच्या मागे लागलो असता जी हकीकत हाती आली, ती आज आपणांपुढे ठेवतो.

१९६८ साली भारत सरकारने गहूक्रांतीचे टपाल तिकीट काढले. त्यावर गव्हाबरोबर दिल्लीच्या भारतीय कृषि संशोधन संस्थेच्या ग्रंथालयाचे चित्र आहे. ही संस्था १९०५ साली बिहारात पुसा येथे निघाली आणि १९३४ च्या भूकंपानंतर, १९३६ साली, दिल्लीस आली. देशाच्या ताटात पोळी वाढणाऱ्या या संस्थेतील डॉ. विनोद शहा या शास्त्रज्ञाने ५ मे १९७२ रोजी आपले जीवन संपविले. मागे ठेवलेल्या पत्रात नेमणुका-बढत्यांतील अन्यायाचे गाऱ्हाणे होते, आणि वरिष्ठांना रुचतील असे अशास्त्रीय आकडे वर पाठविले जातात, हा आरोपही होता.

माणूस असे टोक गाठतो ते एकाच कारणाने नव्हे. त्यात आजाराचाही वाटा असू शकतो. म्हणून कोणा एकावर दोष टाकण्याचा आमचा हेतू नाही. पण सरकारला चौकशी समिती नेमावी लागली, आणि अध्यक्ष झाले न्यायमूर्ती प्र. बा. गजेंद्रगडकर. जन्माने सातारचे, १९६४ ते १९६६ देशाचे सरन्यायाधीश. आम्हां कामगारांना ते औद्योगिक तंट्यांवरील निकालांमुळे आणि १९६६ साली नेमलेल्या राष्ट्रीय श्रम आयोगाचे अध्यक्ष म्हणून अधिक ओळखीचे.

तोवरची रीत अशी, की वरची जागा रिकामी झाली तरच बढती; तीही नव्याने अर्ज करून, चढाओढीतून. मग हातचे काम अर्ध्यावर टाकून संशोधक जागेमागे धावे. समितीचा अहवाल १९७३ च्या आरंभी आला. त्याच वर्षी १ नोव्हेंबरला कृषि शास्त्रज्ञांसाठी निराळे भरती मंडळ स्थापन झाले. १९७५ साली कृषि संशोधन सेवा सुरू झाली आणि ठरले, की दर पाच वर्षांनी कामाचे मोजमाप व्हावे. वरची जागा रिकामी असो वा नसो.

मुंबईच्या गिरण्यांचा इतिहास ज्यांना ठाऊक आहे, त्यांना यात नवल वाटणार नाही. तिथे कामावर घेणे जॉबरच्या मुठीत असे. १९३५ साली बदली कामगारांसाठी नियम आले, तेव्हा ती मूठ थोडी सैल झाली. सारे गाईड जॉबर नव्हेत. पुष्कळजण पोटच्या मुलासारखे शिकवितात. पण विषय, शिफारस आणि पदवी ही तिन्ही एकाच माणसाच्या हाती असली, तर चांगल्या माणसापुढेही तोंड उघडण्याची भीती वाटते.

१९७३ ची सुधारणा पगारी शास्त्रज्ञांची होती. विद्यावेतनावर राबणारा संशोधक तिच्या बाहेरच राहिला. त्याचे दुःख केवळ आपल्या देशाचे नाही. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत २६ देशांतील २,२७९ विद्यार्थ्यांना विचारले होते; त्यांत बहुतेक पीएच.डी.चे. शंभरांत ३९ जणांत मध्यम ते तीव्र नैराश्याची लक्षणे दिसली. सर्वसाधारण लोकांत हे प्रमाण शंभरांत ६ धरले जाते.

अशा मुलाला डॉक्टर हवाच. सरकारच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक घरोघरी लिहून ठेवावा. पण झोपेची गोळी घेऊन तो सकाळी त्याच टेबलापुढे उभा राहणार असेल, तर इलाज अर्धाच झाला. विद्यावेतन ठरल्या तारखेला मिळावे, प्रबंध वाचून परत देण्यास मुदत असावी, आणि ज्याच्याविरुद्ध गाऱ्हाणे आहे त्यानेच ते ऐकू नये. तीन मागण्या; तिन्ही जुन्याच.

त्या मुलाचे थकलेले पैसे पुढे मिळाले. झोपही येऊ लागली आहे. प्रकरणे मात्र अजून टेबलावरच आहेत.